खाडीची वाट: भाड्याच्या होड्या आणि मालाचे पडाव

 म्हैसूरच्या हेब्बाळमधून बोलतोय. माझ्या आजूबाजूला कारखाने आहेत, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, एक तलाव आहे. बंदर मात्र जवळपास नाही. तरी आज मी बंदरांबद्दल बोलणार आहे. समुद्रावरच्या मोठ्या बंदरांबद्दल नाही. खाडीत आत, दहा-दहा कोस जमिनीच्या पोटात शिरलेल्या छोट्या बंदरांबद्दल, तिथे लागणाऱ्या भाड्याच्या होड्यांबद्दल आणि माल वाहणाऱ्या पडावांबद्दल. माझं आजोळ कोकणात, खाडीच्या काठी. सत्तर सालच्या आसपासचं थोडंफार मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं मोठ्यांकडून ऐकलं आणि पुढे वाचलं.

एक प्रश्न मनात ठेवून ऐका. पाणी आहे तिथंच आहे, भरती-ओहोटी आहे तशीच आहे. मग ती वाट गेली म्हणजे नक्की काय गेलं?

सुरुवात इथल्या कावेरीपासून करतो. हेब्बाळहून श्रीरंगपट्टण जवळ आहे. तिथे आणि पुढे तलकाडला अजून हरिगोल दिसतात. हरिगोल म्हणजे बांबूची गोल, टोपलीसारखी नाव. पूर्वी तिला बाहेरून कातडं मढवायचे, आता प्लॅस्टिकचा कागद आणि डांबर लावतात. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशानं तुंगभद्रेवरच्या अशाच नावांची नोंद केली आहे. पंधरा-वीस माणसं तिच्यात बसत आणि वेळ पडली तर घोडे-बैलही पलीकडे जात, असं तो सांगतो. आम्हा फौजी लोकांना यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. टिपू पडल्यावर आर्थर वेलस्लीकडे श्रीरंगपट्टणचा कारभार आला. मराठ्यांशी लढायची वेळ आली तर काय करायचं, याचा त्यानं आधीच विचार करून ठेवला होता. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांचं घोडदळ अडकेल. आपल्याजवळ टोपलीनावा असल्या तर आपण पार होऊ, असा त्याचा हिशोब होता. 1803 च्या मोहिमेत त्यानं तशा नावा करवून घेतल्या. एवढीशी बांबूची टोपली, पण तिनं मोहिमेचा महिना ठरवला.

तरीही हरिगोल नदी फक्त ओलांडते. नदीच्या लांबीनं माल वाहत नेणं तिच्याकडून होत नाही. कावेरी काय, कृष्णा काय, गोदावरीचा वरचा भाग काय, दख्खनच्या नद्या खडकातून उतरतात. पावसाळ्यात आवरत नाहीत आणि उन्हाळ्यात गुडघाभर राहतात. त्यामुळे देशावरच्या माणसाला नदी म्हणजे आडवी आलेली गोष्ट वाटते. कोकणातल्या माणसाला तीच नदी सरळ जाणारा रस्ता वाटते, आणि याचं कारण एकच: भरती.

कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि समुद्राला मिळण्याआधी त्यांची खाडी होते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा त्यांत आत चढतं आणि दोनदा उतरतं. वाशिष्ठीवर दाभोळपासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत ही वाट सुमारे 45 किलोमीटरची. दाभोळहून भरतीबरोबर निघायचं. आत जावं तशी भरती उशिरा लागते, म्हणजे पाणी तुमच्याबरोबरच चालत असतं. शिडात वारा भरला तर उत्तम, नाही तर वल्ही आहेतच. परतताना ओहोटी धरायची. इंजिन नव्हतं तेव्हा इंजिनाचं काम चंद्र करायचा, आणि डिझेलचं बिल यायचं नाही.

म्हणून खाडीच्या बंदरात घड्याळापेक्षा पंचांग मोठं. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशोब किनाऱ्यावर पोराटोरांनाही तोंडपाठ असे. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पहाटेचा आकडा तोच, दुपारचाही तोच. थोडंफार इकडेतिकडे होईल, पण होडी चुकणार नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. जड माल भरलेला पडाव वरच्या उथळ बंदरात न्यायचा तर उधाणाचे दिवस गाठायचे. भांगेच्या दिवसांत तो वाटेतच चिखलावर बसायचा. वाण्याच्या दुकानात मीठ कधी येणार याचं उत्तरही तिथीवर असायचं.

आता वाहनं सांगतो. सगळ्यात लहान होडी: एक-दोन माणसं वल्हवणार, आठ-दहा उतारू. त्याहून मोठा मचवा. माल वाहायला पडाव, रुंद आणि बसक्या तळाचा. समुद्रावरून येणारी गलबतं आणि फत्तेमाऱ्या खाडीच्या तोंडाशी किंवा पाणी असेल तिथवर आत येत. पुढे वाफेच्या आणि मग तेलाच्या लाँचा आल्या. मुंबईची आगबोट दाभोळ, जयगड अशा बंदरांसमोर उभी राहायची. तिथे पडावात उतरायचं आणि मग लाँचनं किंवा होडीनं आत जायचं. बाणकोटहून सावित्रीनं वर दासगाव-महाड, दाभोळहून वाशिष्ठीनं वर गोवळकोट.

भाड्याचे प्रकार दोन. एक तर म्हणजे ठरलेल्या जागी खाडी ओलांडणं. 1868 च्या मुंबई इलाख्याच्या तरींच्या कायद्याखाली तरीचा मक्ता दिला जाई. तरवाल्याला काठावरचे गावकरी रोज पैसे देत नसत. सुगीत भात घालायचे, वर्षभर ये-जा करायचे. रोख मागायची ती परक्या माणसाकडून. दुसरा प्रकार म्हणजे अख्खी होडी ठरवणं. लग्नाचं वऱ्हाड असेल, माहेरी निघालेली बाळंतीण असेल, आजारी माणूस डॉक्टरकडे न्यायचा असेल, गणपतीला आलेले चाकरमानी असतील. भाडं अंतरापेक्षा पाण्यावर ठरे. भरतीबरोबर जायचं तर एक भाव, भरतीविरुद्ध जायचं तर दुसरा. माझ्या आजोळी म्हण असल्यासारखं बोललं जाई की घाई असेल त्यानं दुप्पट द्यावं, नाहीतर शेंगदाणे खात बसावं.

मालाचं काम बघण्यासारखं असे. पडाव भरतीला काठाशी आणून बांधायचा. ओहोटी लागली की तो हळूहळू चिखलावर बसायचा आणि बैलगाडी थेट त्याच्या कुशीला भिडायची. धक्का नको, क्रेन नको. सहा तासांत माल उतरवायचा, दुसरा भरायचा. पाणी आलं की पडाव आपोआप उचलला जायचा. येताना मीठ, मंगलोरी कौलं, कापड, रॉकेल. जाताना लाकूडफाटा, कोळसा, बांबू, भात, मोसमात आंबा. गोवळकोटला उतरलेला माल कुंभार्ली घाटानं कराडकडे चढायचा. देशावरच्या घरांवर दिसणारी कितीतरी मंगलोरी कौलं अशी समुद्र, खाडी आणि घाट करून आलेली आहेत.

दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की त्याला सांगड म्हणत. बैलगाडी न्यायची असली की सांगड घालायची. आज आपण बोलण्या-लिहिण्यात कशाचीही कशाशी सांगड घालतो. शब्द पाण्यावरचा आहे, हे विसरलो.

या वाटेचं मोल काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण सावित्रीवरचं आहे. डिसेंबर 1927. महाडला सत्याग्रह परिषद भरणार होती. रस्त्यानं जायचं तर धरमतरहून मोटारी लागत, आणि मोटारमालकांनी या लोकांना न्यायचं नाही असं ठरवलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी 24 डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि 25 तारखेला दासगाव बंदरात उतरले. तिथून महाड पाचेक मैल. ते अंतर प्रतिनिधी चालत गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. रस्ता अडवता आला, खाडी अडवता आली नाही. दासगावच्या बंदराला आज कुणी गेलं तर त्यानं ही गोष्ट आठवावी.

मी जुन्या दिवसांचे गोडवे गायला बसलेलो नाही. जूनमध्ये बंदर बंद व्हायचं ते नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत माणूस आजारी पडला तर देवावर भरवसा. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणात अजून त्या घरांची नावं निघतात. 1948 साली एसटी सुरू झाली, हळूहळू पूल झाले, महामार्ग झाला, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. लोकांनी होडी सोडून एसटी धरली ती आनंदानं. मीही तेच केलं असतं.

पण सोडताना एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. खाडीतली वाट डोळ्यांना दिसत नाही. वरून सगळं पाणी सारखंच. खाली कुठे खोल आहे, कुठे वाळूचा उंचवटा आहे, कुठे खडक आहे, ते तांडेलाला ठाऊक. तो ते काठावर वाचायचा. अमुक देवळाचा कळस आणि मागचा वड एका रेषेत आले की तोंड फिरवायचं. तमुक घराचं कौल आंब्याआड गेलं की खोल पाणी सुरू. पुढे फौजेत नकाशा आणि कंपास घेऊन दोन खुणा एका रेषेत धरायला मला शिकवलं, तेव्हा ते मला नवीन वाटलं नाही. फरक एवढाच, की आमचा नकाशा छापलेला होता आणि तांडेलाचा डोक्यात. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलायची, म्हणून तो नकाशाही दरवर्षी नवा व्हायचा. बंदर उघडलं की पहिल्या फेरीला बांबूनं तळ चाचपत जायचं, कुठे खूण म्हणून काठी रोवायची. कुणी पगार देत नव्हतं, पण त्या फेरीत खाडीची पाहणी व्हायची.

फेऱ्या थांबल्या, पाहणी थांबली. पुढच्या काळात कोकणातल्या बऱ्याच खाड्यांत शेवटची मालवाहू होडी उरली ती रेतीची. डुबी मारणारा माणूस बादली घेऊन तळाला जायचा आणि वाळू वर आणायचा. पुढे सक्शन पंप आले. म्हणजे ज्या खाडीनं शेकडो वर्षं दुसऱ्यांचा माल वाहिला, तिच्यात शेवटी तिचाच तळ माल झाला.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि म्हणून उपयोगाची आहे. मांडवी आणि झुआरी या नद्यांवर मालवाहतूक मेली नाही, उलट वाढली. लोहखनिज आतल्या धक्क्यांवर बार्जमध्ये भरायचं आणि मुरगावला जहाजाजवळ न्यायचं. हजार टनांची एक बार्ज म्हणजे दहा टनांचे शंभर ट्रक. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा धोकादायक होतो. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात. हा कालवा 17 किलोमीटरचा. तो होता म्हणून पावसाळ्यातही काम चालायचं. 2010-11 या एका वर्षात गोव्यातून 5 कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. मग 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. खाणींनी गोव्याच्या डोंगरांचं आणि शेतांचं काय केलं, तो मोठा विषय आहे आणि न्यायालयानं जे केलं त्याला कारणं होती. मला इथे इतकंच दाखवायचंय, की वाट एकाच मालावर उभी असली तर माल थांबताच शेकडो बार्ज एकदम काठाला लागतात.

गोव्यातलाच दुसरा प्रसंग. 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. भर पावसाळा, राष्ट्रीय महामार्ग तुटलेला. पणजी आणि बेती यांच्यामधली वाहतूक कुणी चालवली? फेरीबोटींनी. नवा पूल 1992 मध्ये खुला झाला, तोवर नदी ओलांडण्याचा भार त्यांनी वाहिला. फेरीबोटी, धक्के आणि त्या चालवणारी माणसं जागेवर होती म्हणून ते जमलं. फौजेत याला राखीव तुकडी म्हणतात. रोज लढायला लागत नाही, पण ती नसेल तर एका दिवसात हार होते.

याच नियमाची मोठी आवृत्ती मी आसामात पाहिली. बोगीबीलचा पूल झाला 2018 मध्ये. त्याआधी तिथे ब्रह्मपुत्रा पार करायची म्हणजे भुटभुटी, म्हणजे इंजिन बसवलेली लाकडी नाव. आमच्या गाड्या दोन नावा जोडून केलेल्या फळ्यांवर चढवायच्या. मी मनात म्हटलं, ही तर आपली सांगड. तिथे एकेकाळी कलकत्त्याहून सुंदरबनमार्गे दिब्रुगडपर्यंत स्टीमर जात. 1965 च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून जाणारी ती वाट बंद झाली आणि जुन्या स्टीमर कंपन्यांचा धंदा बसला. पण मला तिथे लक्षात राहिली ती बांबूची कुंपणं. पाण्यात बांबूचे पडदे तिरपे रोवतात. प्रवाह त्यांना टेकून एका बाजूला वळतो आणि तिथली वाळू स्वतःच खरवडून नेतो. स्वस्तातली युक्ती, पण दर हंगामात पुन्हा करावी लागते. तिथल्या माणसाला ठाऊक आहे की जलमार्ग एकदा बांधून होत नाही, तो दरवर्षी राखावा लागतो.

आता आजच्या दिवसात येऊ. 2016 साली राष्ट्रीय जलमार्ग कायदा झाला आणि देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. त्यांत आपली दाभोळ खाडी-वाशिष्ठी आहे, सावित्री आहे, शास्त्री आणि जयगड आहे, अंबा आहे, मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवेही आहेत. वाचून मला आनंद झाला. त्याच वर्षी 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, त्याबद्दल इंजिनिअरांना सलाम. पण त्याच नदीवर जलमार्ग म्हणून काय उभं राहिलं, हे महाडच्या माणसाला विचारा.

आणि 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ बुडाली, माणसं गेली. त्यानंतर नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे जोरात काम सुरू झालं. गाळाची कारणं पुष्कळ आहेत: डोंगरावरची तोड, माती, भराव. होड्या असत्या तर पूर आला नसता, असं मी म्हणणार नाही. पण गोवळकोटपर्यंत पडाव येत होते तेव्हा पाणी एक हात कमी झालं तरी त्याच हंगामात बोंब व्हायची, कारण कुणाचं तरी भाडं बुडायचं. पोट अवलंबून असलेली माणसं गेली आणि नदीवर डोळा ठेवणारं कुणी उरलं नाही. मघाच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. पाणी राहिलं, पाण्याकडे रोज बघणारा माणूस गेला.

मग करायचं काय? जुन्या शिडाच्या होड्या परत येणार नाहीत आणि आणायची गरजही नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी या फेरीबोटींनी दाखवून दिलंय की सोय असेल तर लोक गाडीसकट पाण्यावर येतात. पण त्या खाडी आडवी ओलांडतात. लांबीनं जाणारी वाट पुन्हा उघडायची असेल, तर सरकारनं गाळ काढून थांबू नये. दरवर्षी पाहणी, खुणांचे खांब, आणि त्या कामावर खाडीकाठचीच माणसं. शिवाय माल एकच नको. गोव्यानं तो धडा दिलाय.

तुम्हा-आम्हाला करता येण्यासारखं काम त्याहून सोपं आणि जास्त घाईचं आहे. ज्यांनी शिडाचे पडाव हाकले ते तांडेल आता ऐंशीच्या पुढे आहेत. खारवी, भोई, कोळी, गाबीत, दालदी, भंडारी, ज्यांच्या घरात ही विद्या होती तिथे शेवटची एक-दोन माणसं उरलीत. तुमच्या गावी असं कुणी असेल तर या सुट्टीत फोन घेऊन त्यांच्याजवळ बसा. मुलाखत नको, भाषण नको. त्यांना होडीत बसवा आणि खाडीतून न्या. कुठे वळायचो, कशावरून ओळखायचो, या जागेला काय म्हणायचो, एवढंच विचारत जा आणि चित्रीकरण करा. वड तोडला गेला असेल, देवळाचा कळस नवा झाला असेल. तरी तो वड कुठे होता हे अजून सांगणारा आहे. पाच वर्षांनी तोही नसेल, आणि मग पाहणीला येणाऱ्या यंत्राला फक्त खोली कळेल, नाव कळणार नाही.

कोकणातले असाल, गोव्यातले असाल, की माझ्यासारखे कर्नाटकात, गुजरातेत, दिल्लीत राहणारे असाल, आजोळ खाडीकाठी असेल तर हे काम तुमचं आहे. जाण्याआधी पंचांग बघा, तिथीची पाऊणपट करा आणि भरती धरून निघा.